पुडीचा आंबा नको, आढीचा मागा

पाडवा झाला. अक्षय्य तृतीया तोंडावर आली आहे. येत्या काही दिवसांत महाराष्ट्रातल्या घराघरांत आंब्याची पहिली पेटी येईल, खानदेशात आखाजीचा आमरस होईल, पितरांना नैवेद्य दाखवला जाईल. ती पेटी घरात येण्याआधी हे वाचावं, अशी कळकळीची विनंती आहे. याच दिवसांत मागणी शिगेला पोचते आणि झाडावरचा बराचसा माल अजून पुरता तयार झालेला नसतो. ही तफावत भरून काढायला दरवर्षी कागदाची एक छोटी पुडी पेटीच्या तळाशी जाऊन बसते. तिच्यात असतं कॅल्शियम कार्बाइड. वेल्डिंगवाले गॅस तयार करायला वापरतात तेच करडे, लसणासारखा उग्र वास मारणारे खडे. बाजारात त्याला साळसूदपणे ‘मसाला’ म्हणतात. फळं पिकवायला ते वापरण्यावर देशभर बंदी आहे. तरी ते वापरलं जातं, कारण ते स्वस्त आहे, सहज मिळतं आणि मुख्य म्हणजे आपण गिऱ्हाईक पिवळ्या रंगाला भुलतो.

आंबा खाऊ नका, असं हे आवाहन सांगत नाही. पपईपासून कलिंगडापर्यंत सगळंच ‘केमिकलचं’ ठरवून टाकणारे जे संदेश मोबाइलवर फिरतात, त्यांच्यातलंही हे नाही. त्या संदेशांनी खरं तर मोठं नुकसान केलं आहे. फळ पिकवायचा कायदेशीर, सुरक्षित गॅस आणि बंदी असलेली पुडी यांतला फरकच त्यांनी लोकांच्या मनातून पुसून टाकला. म्हणणं एवढंच आहे की गॅसला घाबरू नका, पुडीला घाबरा. आणि त्याहीआधी कोवळं फळ नाकारा, कारण पुडीची गरज पडते ती कोवळ्या फळालाच. असं का, हे समजायला फळ पिकतं म्हणजे काय होतं ते थोडं पाहावं लागेल.

फळाला पिकवतं ते इथिलीन. दोन कार्बन आणि चार हायड्रोजन, एवढाच हा रेणू. रंग नसलेला वायू. वनस्पतींची बाकीची संप्रेरकं, म्हणजे ऑक्झिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, ॲब्सिसिक आम्ल, झाडाच्या आतल्या आत फिरतात. इथिलीन मात्र फळातून बाहेर पडतं, हवेतून शेजारच्या फळापर्यंत जातं आणि त्यालाही कामाला लावतं. त्याच्या या कामाचा शोध लागला तोही फळबागेत नव्हे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शहरांत रस्त्यांवर गॅसचे दिवे आले, तेव्हा जिथे नळ गळायचा तिथल्या झाडांची पानं अवेळी झडू लागली. सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव हा तरुण संशोधक प्रयोगशाळेतले वाटाण्याचे कोंब वेडेवाकडे का वाढतात, या प्रश्नाच्या मागे लागला. दिव्याच्या गॅसमधलं इथिलीन हे कारण असल्याचं त्याने १९०१ मध्ये दाखवून दिलं. पुढे कॅलिफोर्नियात एक गंमत झाली. तिथले बागायतदार हिरवी लिंबं बंद खोलीत ठेवून केरोसीनचे स्टोव्ह पेटवत. उबेने लिंबं पिवळी होतात अशी त्यांची समजूत. स्टोव्हची घाण नको म्हणून ऊब देण्याची चांगली सोय केली, तर लिंबं हिरवीच राहिली. १९२४ मध्ये फ्रँक डेनी यांनी उलगडा केला की काम उबेचं नव्हतंच, स्टोव्हच्या धुरातल्या इथिलीनचं होतं. आणि १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी सिद्ध केलं, की हा वायू दिव्यातून आणि स्टोव्हमधूनच येतो असं नाही. पिकणारं सफरचंद तो स्वतःच तयार करतं.

कोकणातली आढी याच तत्त्वावर चालत आली आहे, इथिलीनचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हापासून. अंधाऱ्या खोलीत भाताचा पेंढा पसरायचा, त्यावर आंबे लावायचे, वर पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे. पेंढ्याने ऊब राहते, आंब्याला सुटलेला घाम टिपला जातो, हवा पूर्ण कोंडत नाही. आणि आंब्यांतून निघणारं इथिलीन आंब्यांच्याच भोवती रेंगाळतं. अधूनमधून आढी उलगडून पिकलेले वेचायचे, डागी काढून टाकायचे. केळीच्या घडांना धुरी देऊन पिकवण्याची जुनी रीतही त्यातलीच. धुरात इथिलीन असतं. म्हणजे गॅसने फळ पिकवणं हे आजच्या व्यापाऱ्यांचं कारस्थान नव्हे. फळ पिकतं तेच मुळी गॅसने.

आता फळाच्या आत डोकावू. पेशींमध्ये इथिलीन टिपणारे ग्राहक रेणू असतात. त्यांचं काम उलट्या चालीचं आहे. इथिलीन नसतं तेव्हा ते पिकण्याची सगळी यंत्रणा दाबून धरतात, गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवावा तसे. इथिलीनचा रेणू येऊन चिकटला की ब्रेक सुटतो आणि कितीतरी जनुकं एकापाठोपाठ जागी होतात. आंबा, केळं, पपई, चिकू, सीताफळ, फणस, टोमॅटो या फळांत तर एकदा सुरुवात झाली की फळ स्वतःच आणखी इथिलीन करायला लागतं आणि त्याचं श्वसन एकदम वाढतं. मेथिओनिन नावाच्या अमायनो आम्लापासून इथिलीन टप्प्याटप्प्याने बनतं. त्यातला मोक्याचा टप्पा ॲडम्स आणि यांग या संशोधकांनी १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात हुडकला. इथिलीनचा हा भडका एकदा पेटला की मागे फिरता येत नाही. म्हणून पेटीतला एक आंबा पिकला की बाकीचे भराभर पिकतात, आणि एक सडला की बाकीच्यांची घाई होते.

ब्रेक सुटल्यावर चार-पाच कामं एकाच वेळी चालू होतात. सालीतलं हरितद्रव्य मोडतं आणि कॅरोटिनचा पिवळा-केशरी रंग वर येतो. साठवलेल्या स्टार्चची साखर होते. हिरव्या केळ्यात वीस-पंचवीस टक्के स्टार्च असतो, पिकल्यावर एक-दोन टक्केच उरतो. आंबटपणा उतरतो. वास येतो. आणि फळ मऊ पडतं. हे मऊ पडणं फार नाजूक काम आहे. दोन पेशींना जोडून ठेवतं ते पेक्टिन. जॅम घट्ट होतो तोही त्याच्याचमुळे. पिकताना पेक्टिन मिथिलएस्टरेज, पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज, पेक्टेट लायेज अशी एन्झाइमं हे पेक्टिन सुटं करतात, एक्स्पान्सिन नावाची प्रथिनं पेशीभित्तिका सैल करतात आणि कडक गर हळूहळू चमच्याने खाण्याजोगा होतो. यातलं एकच एन्झाइम बंद पाडून टिकाऊ टोमॅटो काढण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला होता. ‘फ्लेव्हर सेव्हर’ नावाचा तो टोमॅटो १९९४ मध्ये बाजारात आला आणि थोड्याच वर्षांत गुंडाळला गेला. मऊ पडणं एका एन्झाइमच्या हातात नाही, हे त्यातून संशोधकांना कळलं.

पण आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. इथिलीन हा फक्त हुकूम आहे. हुकूम मिळाल्यावर जी साखर व्हायची, जो वास यायचा, त्याचा कच्चा माल फळात आधीपासून साठलेला असावा लागतो, आणि तो साठतो झाडावर, उन्हात, पानांच्या कष्टाने. कोवळ्या आंब्यात स्टार्चच कमी. त्याला बाहेरून गॅस दिला तर हरितद्रव्य मोडतं, साल पिवळी होते, गरही थोडा नरम पडतो. गोडी मात्र येत नाही, कारण साखर करायला काही नसतंच. वासाचीही तीच गत. हापूसच्या वासावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बारकाईने काम झालं आहे. टर्पीन गटातली द्रव्यं कच्च्या फळातही असतात, पण ज्या लॅक्टोन आणि फ्युरॅनोन द्रव्यांमुळे पेटी उघडल्याबरोबर घर दरवळतं, ती आंबा पिकतानाच तयार होतात. अर्ध्या कच्च्या आंब्याला पिवळा रंग फासून ती येत नाहीत. दिसायला सोनं आणि चवीला चोथा, असा जो आंबा आपण एप्रिलच्या सुरुवातीला महाग पैसे मोजून आणतो, त्याचं रहस्य हे आहे.

बागायतदाराला हे नव्याने सांगायला नको. कोकणात फळाची तयारी आजही आण्यांत मोजतात. चौदा आणे तयार झाला, म्हणजे साधारण ८५ टक्के पक्व, की हापूस झेल्याने उतरवायचा. देठाजवळचे खांदे वर आलेले असतात, हिरव्या रंगाची कोवळी छटा जाऊन तो जरा फिकट होतो, पाण्यात टाकला तर बुडतो. त्याहून जास्त, अगदी पिवळा होईपर्यंत झाडावर ठेवला तर साका पडण्याची, म्हणजे गर आतून पांढरट, स्पंजासारखा होण्याची भीती वाढते. तेव्हा ‘झाडावर पिकलेला हापूस’ म्हणून कुणी फुशारकी मारत असेल तर ती ऐकून सोडून द्या. हापूस झाडावरून हिरवाच उतरतो आणि आढीत, गोदामात नाहीतर चेंबरमध्ये पिकतो. प्रश्न तो किती आणे होता, एवढाच आहे. दहा-बारा आण्यांचा आंबा भावाच्या लोभाने उतरवला, की पुढे त्याला रंग आणायला पुडी लागतेच.

हंगामाच्या आधी आलेला प्रत्येक आंबा मात्र खोटा समजू नका. कोकणात बरेच बागायतदार पावसाळ्यात झाडांना कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल देतात. ते झाडातलं जिबरेलिन तयार होणं रोखतं; मग पालवीचा जोर कमी होऊन मोहोर लवकर येतो आणि फेब्रुवारीतही काही फळ पूर्ण तयार मिळू शकतं. तसं थोडंच असतं आणि महागच असतं. नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या बाजारात दिसणारा आंबा बहुधा मलावीचा असतो, तिथे त्याचा हंगामच तेव्हा असतो.

आता पुडीकडे वळू. कार्बाइडला ओल लागली, फळाच्या बाष्पाने ती लागतेच, की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि मागे चुन्याची पांढरट भुकटी उरते. ॲसिटिलीनची घडण इथिलीनसारखी असल्याने फळाचे ग्राहक रेणू फसतात. पण नक्कल ती नक्कलच. तोच परिणाम साधायला ॲसिटिलीन इथिलीनच्या कित्येक शेकडो पट लागतो, म्हणून पुड्या सढळ हाताने टाकल्या जातात. आणि बाजारातलं कार्बाइड शुद्ध नसतं. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, त्यांतून आर्सिन आणि फॉस्फिन हे विषारी वायू निघतात. तो लसणासारखा वास त्यांचाच. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने चक्कर, सारखी तहान, जळजळ, अशक्तपणा, गिळायला त्रास, उलट्या, कातडीवर व्रण अशा त्रासांचा इशारा दिला आहे. एका फोडीने कुणी अंथरुण धरत नाही, आणि म्हणूनच हा प्रकार वर्षानुवर्षं खपून जातो. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त भोगतात ते मात्र आपल्या नजरेआडचे लोक. बंद गोदामात उघड्या हाताने पुड्या बांधणारा पोरगा, सकाळी शटर वर करून कोंडलेल्या वायूत शिरणारा हमाल. ॲसिटिलीन ज्वालाग्राही आहे. अशा गोदामात एक ठिणगी किंवा एक विडी पुरते.

कायदा याबाबतीत गुळमुळीत नाही. अन्नभेसळ प्रतिबंधाच्या जुन्या नियमांत कार्बाइडवर बंदी होती. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ आला, त्याखालच्या २०११ च्या विनियमांतही ती कायम राहिली. ॲसिटिलीनने पिकवलेलं फळ विकणं, विकायला ठेवणं, विक्रीसाठी आवारात बाळगणं, सगळंच निषिद्ध आहे. २०१६ मध्ये प्राधिकरणाने पर्यायही दिला. इथिलीन वायू वापरायला परवानगी, कमाल १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग. इथेफॉन हे इथिलीन सोडणारं रसायन वापरायचं तर फक्त वायू मिळवण्यापुरतं, फळाला न लागता. इथेफॉनच्या पाण्याच्या टबात फळं बुचकळून काढणं नियमात बसत नाही, आणि ते सर्रास चालतं हेही इथेच सांगून टाकतो.

या परवानगीबद्दल लोकांच्या मनात जो संशय आहे, तो दूर व्हायला हवा. चेंबरमध्ये दिलेलं इथिलीन आणि आंब्याने स्वतः केलेलं इथिलीन यांत रेणूचाही फरक नाही. तुमच्या घरात रोज येणारं केळं याचाच दाखला आहे. जळगाव, रावेर, यावल, सावदा, फैजपूर या पट्ट्यातून केळीचे घड कडक हिरवे कापून निघतात. पिकलेलं केळं ट्रकचा प्रवास सोसूच शकत नाही. मुंबई, पुणे, दिल्लीत पोचल्यावर ते रायपनिंग चेंबरमध्ये जातात. साधारण १६ ते १८ अंश तापमान, ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, एखादा दिवस इथिलीन, मग दार उघडून साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायचा. चार-पाच दिवसांत फणी एकसारखी पिवळी. हे रीतसर केलेलं काम आहे, यात भेसळ कुठेच नाही. पण ‘गॅसवर पिकवलेलं’ ही आपल्याकडे शिवी होऊन बसल्यामुळे चेंबरवाला ते उघड सांगत नाही, विक्रेता ‘एकदम नैसर्गिक’ म्हणून शपथा घेतो, आणि पुडीवाल्याला त्या गोंधळात लपायला जागा मिळते. प्रामाणिक माणसाला खोटं बोलायला लावणारा हा बाजार आपल्याच अर्धवट माहितीने तयार केला आहे.

म्हणून पहिली मागणी तुमच्याकडे, गिऱ्हाइकांकडे. आंबा पिवळा बघून घेऊ नका. तयार पण कच्चा मागा. हिरवट, खांदे भरलेला, हाताला कडक आणि वजनदार. तो घरी पिकवा. पेंढा मिळाला तर उत्तम, नाहीतर वर्तमानपत्रं अंथरून, एकावर एक न रचता, वरून कागद झाकून, हवेशीर अंधाऱ्या कोपऱ्यात. टोपली असेल तर मधोमध एक पिकलेलं केळं ठेवा. त्याचं इथिलीन फुकट मिळतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका, घाम धरून बुरशी येते. कच्चा आंबा फ्रिजमध्ये तर मुळीच नको. १३ अंशांच्या खाली त्याला थंडीचा डाग लागतो आणि नंतर तो कधीच धड पिकत नाही. केळं फ्रिजमध्ये काळं पडतं तेही याचमुळे. हापूसला घरी आठवडाभर ते दहा दिवस लागतात, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा आमरस हवा असेल तर पेटी आधीच आणून ठेवायला हवी, आदल्या दिवशी नव्हे. अक्षय्य तृतीयेपर्यंत आंबा तोंडात घालायचा नाही, असा नेम आजही अनेक घरांत पाळतात. त्यामागचं कारण काहीही असो, झाडावरच्या फळाला तयार व्हायला तेवढा जास्त वेळ मिळतो, एवढा फायदा खराच. ज्यांनी तो नेम सोडला त्यांनी या वर्षी पुन्हा धरून बघावा.

पिकलेलाच घ्यायचा असेल तर नाकावर भरवसा ठेवा, डोळ्यांवर नको. देठाशी हुंगा. वास नाही, सगळीकडे सारखा पिवळाधमक आणि दाबला तर दगड, असा आंबा परत ठेवा. कापल्यावर बाठीजवळ पांढुरका आणि आंबट निघाला तर तो कोवळा उतरवलेला आहे. मात्र नुसत्या रंगावरून कुणाला कार्बाइडवाला ठरवू नका, त्याने काही सिद्ध होत नाही. ‘पाण्यावर तरंगला तर केमिकलचा’ ही मोबाइलवरची परीक्षाही तशीच. तरंगणारा आंबा कोवळा असू शकतो. कार्बाइडबद्दल पाणी काहीच सांगत नाही. कार्बाइडचा खरा पुरावा म्हणजे पेटीतली पुडी, तळाशी सांडलेली पांढरट भुकटी आणि लसणासारखा वास.

हेच शहाणपण इतर फळांना लावताना एक भेद लक्षात ठेवा. द्राक्षं, डाळिंब, संत्री, मोसंबी, अननस, स्ट्रॉबेरी ही फळं तोडल्यावर गोड होत नाहीत. त्यांच्या पिकण्यावर इथिलीनची नव्हे, बऱ्याच अंशी ॲब्सिसिक आम्लासारख्या संप्रेरकांची हुकमत असते, आणि ते काम वेलीवर, झाडावरच संपतं. नाशिकची द्राक्षं आंबट निघाली तर ती घरी ठेवून काही होणार नाही. तिथे जीए, म्हणजे जिबरेलिन वापरतात ते मणी लांब आणि मोठे करायला. गोडी वेलीवरच्या उन्हातूनच येते. नागपुरी संत्र्याची तर आपण उगाच परीक्षा पाहतो. आंबिया बहराचं फळ ऑक्टोबरात येतं, तेव्हा रात्री पुरेशा थंड नसतात, त्यामुळे आत गोड असूनही साल हिरवीच राहते. पण गिऱ्हाइकाला संत्रं केशरीच हवं. मग कुणीतरी त्याला रंग चढवतो. आपण हिरवं संत्रं आनंदाने घेऊ लागलो तर हा उद्योग आपोआप थांबेल.

बागायतदारांना आणि दलालांना सांगणं थोडं कडक आहे. बारा आण्यांचा आंबा उतरवू नका. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांच्या नावावर आहे. एका पेटीतला चोथा पाचही जिल्ह्यांचं नाव घालवतो. पहिल्या पेटीचा विक्रमी भाव, तिची पूजा, तिचे फोटो या सगळ्या कौतुकातून आपण कोवळ्या फळाला बक्षीस देतो आहोत. वर्तमानपत्रांनी पहिल्या पेटीच्या भावासोबत ती किती आणे तयार होती तेही छापावं. बातमी निम्मी होईल, पण खरी होईल.

हातगाडीवाला आणि मंडईतला छोटा विक्रेता यांना मात्र नुसता दम देऊन भागणार नाही. चेंबर बांधायला भांडवल लागतं, वीज लागते. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून चेंबरला अनुदान मिळतं, पण दहा पेट्यांच्या माणसाला ते कुठून मिळणार? म्हणून नगरपालिका आणि बाजार समित्यांना आवाहन आहे. प्रत्येक मोठ्या मंडईत पेटीमागे भाडं घेणारं सार्वजनिक चेंबर उभारा. तोवर धाडी घाला, पण धाडीबरोबर पर्यायही दाखवा. छापा पडला की पुडी त्या गल्लीतून उठून पलीकडच्या गल्लीत जाते, हे सगळ्यांना दिसतं आहे. आणि चेंबरवाल्यांनो, लाजू नका. ‘इथिलीनवर पिकवलेली फळं’ अशी ठळक पाटी लावा. ती पाटी बघून मागे फिरणारं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी तीच पाटी शोधत येईल.

गृहनिर्माण संस्थांनी पुढाकार घेतला तर बरंच काम सोपं होतं. दहा-वीस घरांनी मिळून कोकणातल्या बागायतदाराकडून थेट कच्च्या पेट्या मागवायच्या, ‘चौदा आणे, पुडी नाही’ एवढी अट लिहून घ्यायची. पुण्यात कृषी पणन मंडळाचा आंबा महोत्सव भरतो, तिथे उत्पादक स्वतः बसतात. तिथे विचारा, प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडा. गिऱ्हाईक विचारतं हे कळलं की पुढच्या हंगामात बागेतलं वागणंही बदलतं.

आणि तक्रार करा. आपल्याला ती सवय नाही. ‘आपण काय करणार’ म्हणून आंबा फेकून देतो आणि विषय संपतो. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार कुठलाही ग्राहक विकत घेतलेला माल शुल्क भरून तपासून घेऊ शकतो. फक्त तपासणी करवणार असल्याचं विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावं लागतं. माल दोषी ठरला तर शुल्क परत मिळतं. पण ॲसिटिलीन वायू उडून जातो, फळावर मागे काही राहतंच असं नाही. म्हणून प्रयोगशाळेपेक्षा तुम्ही प्रसंगावधान राखून काढलेला फोटो जास्त कामाचा ठरू शकतो. पेटीत पुडी दिसली तर ती उघड्या हाताने उचलू नका, तिला पाणी लावू नका, जवळ काडी ओढू नका. पेटीवरच्या नावासकट फोटो काढा, पावती जपून ठेवा आणि त्याच दिवशी फोन करा. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १८००-११-२१००.